आतड्यातला तह

“अगं, सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायला धडपडतंय आणि तुला ती कमी करायच्या गोळ्या देतायत? डॉक्टर शिकलेला आहे ना नीट?”

मिरजेच्या मावशीचा हा प्रश्न. चिठ्ठीवरचं अ‍ॅझाथायोप्रिन हे नाव मी तिला फोनवर नुकतंच वाचून दाखवलं होतं आणि ‘हे कशासाठी’ याचं उत्तर देता देता फसले होते. करोनाच्या साथीपासून काढे, चाटणं, चवळीएवढ्या गोळ्या, जे काय बाजारात आलं ते सगळं प्रतिकारशक्ती वाढवणारं. त्यात ही भाची उलट्या दिशेनं निघालेली. मावशीचं काही चुकत नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन वाक्यांत समजावून सांगता येईल असं मला वाटलं होतं, पण ते जमेना. मग या प्रश्नामागे लागून बरंच वाचलं. त्यातलं काही इथे लिहिते आहे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक बारीक व्रण पडतात, मुरडा येतो, आव पडते, रक्त पडतं. दुखणं गुदाशयापासून सुरू होतं आणि सलग वर चढत जातं. आपल्याकडे याचं निदान सरळ होत नाही. आव म्हटली की मेट्रोनिडाझोल, रक्त म्हटलं की मूळव्याध, आणि दोन्ही म्हटलं की ‘उष्णता झाली असेल, सब्जा घे’. हे सगळे टप्पे पार करून मी कोलोनोस्कोपीपर्यंत पोचले. पडद्यावर माझंच आतडं दिसत होतं, लालभडक, खरवडल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, “बाहेरचा जंतू सापडला नाही. तुमच्याच पेशी हे करतायत.”

तुमच्याच पेशी. पण कशाविरुद्ध?

आधी जागा बघू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. आपल्या शरीरातले बहुतेक जिवाणू इथेच राहतात. त्यांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असावी असा हिशेब २०१६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी मांडला. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास, म्हणजे सामना जवळपास बरोबरीचा. (त्याआधी ‘एका पेशीमागे दहा जिवाणू’ असं सर्रास सांगितलं जायचं, आणि अजूनही भाषणांतून ऐकू येतं.) सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन भरतं फार तर पाव किलो. या गर्दीत आणि आपल्या रक्तात अंतर किती? एका पेशीच्या जाडीचं अस्तर. तेही दर चार-पाच दिवसांनी झडून नवं येणारं. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की मोठ्या आतड्यात हा थर दुहेरी असतो. बाहेरच्या सैलसर थरात जिवाणू खुशाल राहतात, आतल्या दाट थरात मात्र जवळजवळ कुणीच शिरत नाही. शिवाय आतडं रोज काही ग्रॅम आयजीए नावाची प्रतिपिंडं आत सोडत असतं. ती जिवाणूंना मारत बसत नाहीत, त्यांना चिकटतात आणि भिंतीपासून लांब ठेवतात. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा जमाव या भिंतीमागेच आहे.

हे लक्षात आल्यावर मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझं आतडं का सुजलं, हा प्रश्न मागे पडला. बाकीच्यांची का सुजत नाहीत? इतकी शस्त्रं, समोर इतके परके जीव, मधलं अस्तर केसाहूनही पातळ, आणि तरी जगातले बहुतेक लोक भाकरी खाऊन आरामात झोपतात.

या विषयाच्या मुळाशी एक गमतीदार माणूस आहे. इल्या मेचनिकॉव्ह. युक्रेनमध्ये जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी, घरचे सर्कस बघायला गेलेले असताना, त्यानं तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या. परक्याला गिळणाऱ्या पेशी हा शोध तिथला, आणि त्याबद्दल १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल. याच मेचनिकॉव्हनं पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बसून दह्याचा प्रचार केला. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याचं म्हणणं. स्वतः रोज प्यायचा. मोठ्या आतड्याबद्दल मात्र त्याचं मत फार वाईट होतं. तिथले जिवाणू कुजवतात, विष तयार करतात आणि आपल्याला म्हातारं करतात. दह्यातल्या जिवाणूंनी त्यांच्यावर मात करावी, अशी त्याची कल्पना.

म्हणजे एका हातात रोगप्रतिकारक पेशी, दुसऱ्या हातात आतड्यातले जिवाणू, आणि दोन्ही हात एकमेकांना कधी भेटले नाहीत. मेचनिकॉव्ह १९१६ साली गेला. या दोघांमधल्या बोलण्याचा पत्ता लागायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली.

तो लागला उंदरांमुळे. १९९३ साली कॅलिफोर्नियात फियोना पाउरी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. स्वतःच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नसलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी उंदराच्या टी-पेशींपैकी एकच गट निवडून दिला. काही आठवड्यांत ते उंदीर खंगले, जुलाब लागले, मोठं आतडं सुजलं. दुसऱ्या उंदरांना तोच गट दिला, पण जोडीला वगळलेला गटही दिला. त्यांना काहीच झालं नाही. पेशी निरोगी प्राण्याच्या होत्या, त्यात कसला दोष नव्हता. आतडं पेटवू शकणाऱ्या पेशी प्रत्येक निरोगी शरीरात असतात आणि त्यांना आवरणाऱ्याही असतात. लग्नघरात मानपानावरून आवाज चढायला लागले की एखादा मामा पुढे होतो, एकाला पान देतो, दुसऱ्याला पाहुण्यांच्या पंगतीकडे पिटाळतो. त्याचं नाव पत्रिकेत नसतं, पण तो आला नसता तर काय झालं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. या आवरणाऱ्या पेशींचं तसंच झालं. त्या दिसत नव्हत्या, कारण त्या होत्या तोवर काही घडत नव्हतं.

जपानमध्ये शिमोन साकागुची याच पेशींच्या मागे कितीतरी वर्षं होते. मधे हा विषय इतका बदनाम झाला होता की त्यात काम करणं म्हणजे कारकीर्द पणाला लावणं. १९९५ साली त्यांनी या पेशींची ओळख पटवणारी खूण दाखवली. इकडे अमेरिकेत ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात एक विचित्र उंदीर जन्मला होता. त्याच्या वंशातले काही नर खवल्याखवल्यांच्या कातडीचे निघायचे आणि काही आठवड्यांत मरायचे. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं जनुक हुडकलं आणि २००१ साली त्याला नाव मिळालं फॉक्सपी३. तेच जनुक बिघडलेली माणसाची बाळंही असतात, बहुतेक मुलगे. त्यांना अगदी तान्हेपणी जे भोगावं लागतं त्यात सगळ्यांत आधी असतात ते न थांबणारे जुलाब. आवरणाऱ्या पेशींचा कारभार याच जनुकावर चालतो हे त्यानंतर दोनच वर्षांत उलगडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये या तिघांना नोबेल जाहीर झालं. रॅम्सडेल तेव्हा डोंगरात भटकत होते, फोन बंद, त्यामुळे बातमी त्यांना काही तासांनी कळली. मराठी वर्तमानपत्रांत हा शोध ‘प्रतिकारशक्तीचे रहस्य’ वगैरे मथळ्यांखाली आला. मी मात्र ती बातमी पोटावर हात ठेवून वाचली.

या नियामक टी-पेशी आवरतात कशा? त्यांचं एक मोठं साधन म्हणजे इंटरल्यूकिन-१० हा निरोप. १९९३ सालीच जर्मनीत कोलोनमध्ये हे रसायन बनवू न शकणारे उंदीर तयार केले गेले. शरीरात इतकी इंद्रियं, पण बिघाड झाला तो आतड्यात. पुढे असेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवून बघितले. जन्मापासून पोटात एकही जिवाणू नाही. त्यांची आतडी सुजली नाहीत! हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आवरणारा नसला तरी भांडायला दुसरा पक्ष लागतोच. आणि माणसातही हे खरं निघालं: इंटरल्यूकिन-१० ऐकू न येणारी, म्हणजे तो निरोप झेलणारं पेशीवरचं प्रथिन बिघडलेली तान्ही मुलं २००९ साली जर्मनी आणि ब्रिटनमधल्या संशोधकांना सापडली. आतड्याची भयंकर सूज. त्यांतल्या एकाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या आणि ते मूल सावरलं.

इथवर जिवाणू हा नुसता दुसरा पक्ष होता. पुढची गोष्ट मला त्याहून आवडते.

वर्गात क्लॉस्ट्रिडियम शब्द काढला की मुलं ‘धनुर्वात’ म्हणून ओरडतात. पाठ्यपुस्तकात तेवढंच आहे: धनुर्वात आणि डबाबंद अन्नातली विषबाधा. त्याच गोतावळ्यातले काही जिवाणू टोकियोच्या केन्या होंडा यांच्या गटानं २०११ साली निर्जंतुक उंदरांच्या पोटात सोडले, आणि मोठ्या आतड्यात नियामक टी-पेशींची संख्या वाढली. २०१३ साली त्यांनी माणसाच्या विष्ठेतून अशा १७ जातींचा संच वेगळा काढला. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध शस्त्रं उपसायची, तेच आपल्या बाजूच्या शांत करणाऱ्या माणसांची भरती करत होते. करणारच. सूज आली की त्यांचंही घर मोडतं.

त्यांची भाषा कोणती? बरीचशी ब्युटिरेटची. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथे हवा नसताना हे जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट तयार होतं. खवट लोण्याला जो वास येतो तो याच कुटुंबातल्या आम्लाचा. २०१३ साली जपान, न्यूयॉर्क आणि बॉस्टनमधल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की ब्युटिरेटसारख्या छोट्या आम्लांमुळे आतड्यातल्या नियामक टी-पेशी वाढतात. ब्युटिरेट पेशीच्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला डीएनए थोडा सैल करतं, आणि फॉक्सपी३ चं पान उघडं राहतं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, रात्रीच्या भाताला सकाळी दिलेली फोडणी (शिजून गार झालेल्या भातातला काही स्टार्च पचायला अवघड होतो, तो खाली जिवाणूंना मिळतो) यांचा आणि जनुकाच्या कुलपाचा असा संबंध असेल, हे मला कुणी पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा चोथ्यावर जगणारा जिवाणू पाश्चात्त्यांपेक्षा बराच जास्त आढळतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पोटांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. म्हणून आपण सुरक्षित, असं मात्र समजू नये. आतड्याच्या सुजेचे रुग्ण आपल्याकडे वाढतायत, आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेले बहुतेक जण विशी-तिशीतले असतात.

ब्युटिरेट आणखी एक काम करतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन आहे. अस्तराच्या पेशी ते जाळताना प्राणवायू वापरून टाकतात, म्हणून आतल्या पोकळीत प्राणवायू उरत नाही, आणि ज्यांना तो सोसत नाही असे ब्युटिरेट बनवणारे जिवाणू सुखानं राहतात. रोडिगर या संशोधकांनी १९८० सालीच विचारलं होतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे अस्तराची उपासमार तर नसेल? कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे आंद्रेआस बॉइमलर यांच्या गटानं गेल्या काही वर्षांत याची उलटी बाजू उकलली. अँटिबायोटिकनं ब्युटिरेटवाले मेले की अस्तराच्या पेशी साखरेवर जगायला लागतात, प्राणवायू वाचतो, तो आत झिरपतो. मग ई. कोलायसारख्या, एरवी कोपऱ्यात पडून असलेल्या जिवाणूंना ऊत येतो. सूज आली तर आणखीच. चिडलेल्या पेशी जी रसायनं फवारतात त्यांतून नायट्रेट तयार होतं, आणि ई. कोलाय प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेऊ शकतो. बॉम्ब टाकले आणि त्या धुरावरच शत्रू पोसला गेला. एकदा भडकलेलं माझं पोट आपोआप का थांबत नाही, दर वेळी स्टेरॉइडचा बडगा का लागतो, याचं इतकं पटणारं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

इतकं वाचून झालं की चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू अशी वाटणी करायचा मोह होतो. औषधाच्या दुकानात त्या मोहाची पुडी मिळतेच. पण ती वाटणी टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात मोठा फरक दिसत होता: एकांमध्ये टीएच-१७ या तापट पेशी भरपूर, दुसऱ्यांमध्ये नगण्य. २००९ साली कारण सापडलं. धाग्यासारखा एक जिवाणू, जो आतड्याच्या भिंतीला थेट चिकटून बसतो. तो एका घरात होता, दुसऱ्यात नव्हता. आता या तापट पेशींना खलनायक म्हणावं, तर त्यांचं मुख्य अस्त्र अडवणारं औषध क्रोनच्या (माझ्या आजाराचंच भावंड, आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, आणि २०१२ साली आलेल्या निकालात रुग्णांचं भलं होण्याऐवजी दुखणं वाढलेलं दिसलं. सोरायसिसला तेच औषध उत्तम लागू पडतं. आतड्यात मात्र तेच अस्त्र भिंतीची डागडुजीही करत होतं. आमच्या पाठ्यपुस्तकातली सैन्य, हल्ला, बचाव ही सगळी भाषा इथे मला अपुरी पडते. बारावीच्या वर्गात मी ती अजूनही वापरते, कारण परीक्षेत तेच विचारतात.

मावशीला मी शेवटी काय सांगितलं? की माझ्याकडे शक्ती कमी नाही, आवर कमी आहे. अ‍ॅझाथायोप्रिन पेशींची बेसुमार वाढ रोखतं, म्हणून भांडणारे थोडे कमी होतात. ते फार बारकाईचं औषध नाही. भारतीयांत एका जनुकाचं असं रूप बऱ्यापैकी आढळतं की ज्यामुळे या गोळीनं पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात. म्हणून सुरू करण्याआधी ती तपासणी केली आणि नंतरही रक्त तपासत राहावं लागतं. आपल्याकडे क्षयाची भीतीही कायम डोक्यावर. आतड्याचा क्षय आणि क्रोन एकमेकांसारखे इतके दिसतात की बाकावरच्या एका मुलाला आधी कित्येक महिने क्षयाचीच औषधं दिली होती. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. क्षय असताना प्रतिकार दाबणारं औषध दिलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून इथला कुठलाही शहाणा डॉक्टर आधी तिकडे बघतो.

“मग ताक प्यायचं की नाही?” मावशीनं मुद्द्याचं विचारलं. प्यायचं, आवडतं म्हणून. औषध म्हणून नाही. पोट शांत असतं तेव्हा मी भाकरी-उसळ खाते. पोट पेटलेलं असतं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मऊ भात आणि वरण, कारण व्रणांवरून चोथा सरकतो तेव्हा ब्युटिरेटचं तत्त्वज्ञान सुचत नाही. कुड्याची साल, बेलाचा मुरंबा, डाळिंबाची साल, सगळं घरी येऊन पडलंय. कुणीतरी निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू पोटात सोडण्याच्या उपचाराची बातमीही पाठवली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या संसर्गावर तो उपाय जोरदार चालतो, हे अ‍ॅमस्टरडॅमच्या २०१३ सालच्या चाचणीनं दाखवलं. माझ्या आजारावर लुधियानाच्या अजित सूद यांच्या गटानं चिकाटीनं काम केलं आहे आणि काही रुग्णांना गुणही आला आहे, पण जगभरचे निकाल एकसारखे नाहीत. मावशी म्हणाली, “दुसऱ्याची विष्ठा? शी! त्यापेक्षा तुझ्या गोळ्या बऱ्या.”

सध्या बरं आहे. कॅलप्रोटेक्टिन करून आले. विष्ठेतलं हे प्रथिन येतं न्यूट्रोफिल पेशींतून, म्हणजे मेचनिकॉव्हच्या त्या गिळणाऱ्या पेशींच्याच बिरादरीतून. ते जस्त आणि मँगनीज पकडून ठेवतं आणि जिवाणूंना उपाशी मारतं. आकडा मोठा म्हणजे आत मारामारी चालू, आकडा लहान म्हणजे थंडावलेली. माझा यंदा लहान आला. मी लगेच विचारलं, गोळी कमी करू या? डॉक्टर म्हणाले, आकड्यावर नाही, अस्तर डोळ्यांनी बघून ठरवू, दिवाळीनंतर कोलोनोस्कोपी करा. म्हणजे आदल्या संध्याकाळी ते खारट द्रावण पुन्हा प्यायचं, आणि भाकऱ्या घालून पोसलेली मंडळी एका रात्रीत वाहून जायची. बहुतेकांमध्ये ती काही आठवड्यांत परत जमतात म्हणे. मी तारीख मात्र शनिवारची मागितली आहे, सोमवारी बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत.